लहान मेंदूच्या स्ट्रोकनंतर चालणं सुधारलं, पण विचार आणि स्वभाव बदलला: तपासायचं कसं?

पाऊलवाट (फिजिओथेरपी, प्रश्न)

पायका, म्हणजे लहान मेंदूचा मागचा-खालचा भाग पोसणारी पोस्टेरियर इन्फिरियर सेरेबेलर आर्टरी, हिच्या क्षेत्रात इन्फार्क्ट (रक्त न पोचल्याने पेशी मरणं) झालेले रुग्ण फिजिओथेरपीला येतात तेव्हा एक ठरावीक चित्र दिसतं. पहिला आठवडा चक्कर, उलट्या आणि एका बाजूला झोक. सहा ते आठ आठवड्यांत चालणं जवळपास पूर्ववत. तोल आणि हालचाली मोजणाऱ्या सारा स्केलवर ४० पैकी २ किंवा ३ (इथे गुण जितके जास्त तितका त्रास जास्त), टाचेला अंगठा लावून सरळ रेषेत चालणंही जमतं. एमएमएसई या स्मृती-विचारांच्या झटपट चाचणीत ३० पैकी २८-२९. कागदोपत्री माणूस बरा झालेला असतो.

घरच्यांचं म्हणणं मात्र वेगळंच. दुकानाचा हिशोब अर्ध्यावर सोडतात. एक काम चालू असताना कुणी काही विचारलं की दोन्ही कामं बोंबलतात. बोलताना शब्द शोधत बसतात. आधी मोजकं बोलणारा माणूस आता कुणासमोरही काहीही बोलून जातो, किंवा उलट, नातवंडं आली तरी चेहऱ्यावर काही नाही. ‘लहान मेंदूचं काम तोल सांभाळणं’ एवढंच शिकलेल्या आम्हा लोकांना याचं उत्तर देता येत नाही आणि ‘डिप्रेशन असेल’ म्हणून विषय मिटतो.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. हे खरंच लहान मेंदूमुळे होतं का? एमआरआयवर नेमकं काय बघायचं? आणि ओपीडीत पंधरा-वीस मिनिटांत काय तपासता येईल?

---

तिसरा मजला (न्यूरॉलॉजी)

होतं, आणि त्याला नावही आहे: सेरेबेलर कॉग्निटिव्ह अफेक्टिव्ह सिंड्रोम. जेरेमी श्माहमन आणि जॅनेट शर्मन यांनी १९९८ मध्ये लहान मेंदूपुरताच आजार असलेल्या २० रुग्णांवरून त्याचं वर्णन केलं. त्यांनी चार गोष्टी नोंदवल्या. नियोजन आणि एका विचारावरून दुसऱ्यावर जाणं अवघड होतं, जागेचं आणि आकाराचं भान कमी होतं, भाषेत शब्द शोधणं व व्याकरण ढिलं पडतं, आणि भावना एकतर बोथट होतात किंवा सैल सुटतात.

आता एमआरआय. डिस्चार्ज कार्डावरच्या ‘पायका इन्फार्क्ट’ या दोन शब्दांवर थांबू नका. सीडी मागवा आणि सॅजिटल व कोरोनल काप उघडा, कारण लहान मेंदूचे दहा लोब्यूल (घड्यांचे गट) वरून खाली ज्या क्रमाने येतात तो आडव्या कापात नीट कळत नाही. प्रायमरी फिशर, म्हणजे पुढचा खंड वेगळा करणारी खोल खाच, शोधा. तिच्या पुढचे लोब्यूल १ ते ५ हे चालण्याचे आणि हातापायांचे. खाली लोब्यूल ८ मध्ये हालचालींचा दुसरा, छोटा नकाशा आहे. या दोन्हींच्या मधला रुंद पट्टा, म्हणजे लोब्यूल ६ ची बाहेरची बाजू, क्रस १, क्रस २ आणि ७बी (हे तिन्ही लोब्यूल ७ चे भाग), हा मोठ्या मेंदूच्या पुढच्या आणि वरच्या-मागच्या असोसिएशन (विचार जुळवणाऱ्या) भागांशी जोडलेला आहे. माणसात या पट्ट्याचा विस्तार प्रचंड आहे. रॅंडी बकनर यांच्या गटाने २०११ मध्ये १००० निरोगी लोकांच्या विश्रांतीच्या अवस्थेतल्या एफएमआरआयवरून (मेंदूचा कोणता भाग कामात आहे ते दाखवणारं स्कॅन) नकाशा काढला, तेव्हा लहान मेंदूच्या कॉर्टेक्सचा, म्हणजे बाहेरच्या थराचा, निम्म्याच्या आसपास भाग असोसिएशन नेटवर्कशी जुळलेला निघाला.

तुमच्या चित्राचं कोडं इथेच सुटतं. पायका मुख्यतः मागचा-खालचा भाग पोसते. पुढचा खंड आणि डेंटेट न्यूक्लियस (लहान मेंदूतून बाहेर जाणाऱ्या संदेशांचं मुख्य केंद्र) यांना रक्त मुख्यतः सुपीरियर सेरेबेलर आर्टरीकडून मिळतं. त्यामुळे पायकाच्या इन्फार्क्टमध्ये चालण्याचा भाग बऱ्याचदा शाबूत राहतो, सुरुवातीची चक्कर ओसरली की माणूस नीट चालतो, आणि जे गेलंय ते क्रस २ आणि ७बी मधलं असतं. फिजिओच्या टेबलावर ते दिसणार कसं? सुपीरियर आर्टरीच्या इन्फार्क्टमध्ये डेंटेट गेला तर हाताचा ढिसाळपणा महिनोन् महिने टिकतो आणि सगळ्यांचं लक्ष तिकडेच जातं.

बाजूही लिहून ठेवा. मोठ्या मेंदूशी जोडणी उलट बाजूने होते. उजव्या लहान मेंदूचा मागचा भाग डाव्या मोठ्या मेंदूशी, म्हणून तिथल्या जखमेत भाषा आणि शब्द सुचणं बिघडण्याची शक्यता जास्त. डावीकडच्या जखमेत आकार, दिशा, जागा. मधला वर्मिस, त्यातही मागचा भाग, भावनांशी जास्त संबंधित. हे नियम काटेकोर नाहीत, पण तपासणीला कुठून सुरुवात करायची ते ठरवायला पुरतात.

जोडणीचा पुरावा भक्कम आहे. पीटर स्ट्रिक यांच्या प्रयोगशाळेत माकडांमध्ये विषाणू वापरून चेतातंतूंचा माग काढला गेला. १९९४ मध्ये डेंटेटमधून थॅलॅमसमार्गे प्रीफ्रंटल कॉर्टेक्सच्या (कपाळामागच्या, नियोजनाच्या भागाच्या) ४६ क्रमांकाच्या भागात वाट जाते हे दिसलं. २००३ मध्ये परतीची वाटही मिळाली: भाग ४६ ची देवाणघेवाण मुख्यतः क्रस २ शी, आणि हालचालीच्या कॉर्टेक्सची लोब्यूल ४ ते ६ शी. म्हणजे दोन स्वतंत्र, बंद फेरे. थोडक्यात, लहान मेंदूचा कोणता तुकडा गेला यावर कोणतं काम बिघडेल ते ठरतं.

---

बाकावरचा (न्यूरोसायकॉलॉजी)

ओपीडीतल्या तपासणीपुरतं लिहितो.

एमएमएसई इथे जवळजवळ निरुपयोगी आहे. त्यात बरेच गुण दिवस-वार, जागा, वस्तूंची नावं अशा गोष्टींना. शब्दांची झरझर यादी, कामं बदलणं, आवर घालणं यातलं काहीच नाही. मोका ही तशीच दुसरी चाचणी थोडी बरी, मराठीतही मिळते, पण तीही मुळात दुसऱ्या प्रकारच्या रुग्णांसाठी बेतलेली. लहान मेंदूसाठी वेगळी चाचणी श्माहमन यांच्याच गटाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केली. दहा भाग, एकूण १२० गुण, साधारण दहा मिनिटं. प्रत्येक भागाला स्वतःची नापासाची रेषा आहे, आणि एकूण गुणांपेक्षा किती भागांत माणूस नापास झाला हे महत्त्वाचं. एका भागात नापास तर ‘शक्यता’, दोन भागांत ‘बहुधा’, तीन किंवा जास्त भागांत ‘निश्चित’.

एका मिनिटात प्राण्यांची नावं: १५ किंवा कमी आली तर नापास. एका अक्षराने सुरू होणारे शब्द: ९ किंवा कमी. दोन गटांतून आलटून-पालटून, म्हणजे एक भाजी, एक व्यवसाय, परत भाजी: ९ किंवा कमी. आकडे सरळ म्हणणं ५ किंवा कमी, उलटे म्हणणं ३ किंवा कमी. घनाकृती आधी मनाने काढायची, न जमल्यास चित्र बघून. पाच शब्द आधी पाठ करून घ्यायचे आणि नंतर विचारायचे; आपणहून आठवला तर ३ गुण, गट सांगितल्यावर आठवला तर २, पर्यायांतून ओळखला तर १. त्यानंतर दोन वस्तूंमधलं साम्य, एका टकटकीला बोट उचलायचं आणि दोन टकटकींना नाही, आणि शेवटी वागण्या-भावनांबद्दलचे सहा प्रश्न.

सगळ्यात जास्त माहिती शब्दांच्या तीन भागांतून मिळते, त्यातही आलटून-पालटूनमधून. रुग्ण काय करतो ते बारकाईने बघा. पहिल्या पंधरा सेकंदांत ‘मेथी, सुतार, वांगं, शिक्षक’ असे भराभर येतात, मग ‘भेंडी... गवार... कोबी’ असा भाज्यांचाच रेटा सुरू होतो आणि चूक झाल्याचं त्याच्या लक्षातही येत नाही. अल्झायमरचा रुग्ण सहसा वेगळा अडतो. त्याचे बऱ्याचदा शब्दच संपतात. म्हणून एकूण आकड्यासोबत दर पंधरा सेकंदांचा आकडा वेगळा लिहा आणि चुका शब्दशः टिपून ठेवा.

मराठीत अक्षराच्या चाचणीत दोन घोळ होतात. पहिला, ‘क’ म्हटल्यावर ‘की’, ‘कु’, ‘को’ चालतात की नाही हे आधी सांगितलं नसेल तर माणूस फक्त ‘कमळ, कपाट, कप’ यांतच अडकतो. काना-मात्रा कुठलीही चालेल हे दोन उदाहरणं देऊन सांगा आणि ती उदाहरणं मोजू नका. दुसरा, ‘करणं, करतो, केलं’ हे एकच धरायचं, आणि माणसांची व गावांची नावं बाद. इंग्रजी एफच्या रेषा मराठी ‘क’ ला तशाच लावू नयेत. चौथी शिकलेल्या माणसाला अक्षर चाचणीत ९ शब्द येणं हे आजाराचं लक्षण नाही. त्याच घरातल्या, त्याच वयाच्या आणि तेवढंच शिकलेल्या माणसाची चाचणी शेजारी घेतली की ढोबळ तुलना मिळते.

आणखी एक पथ्य. रुग्णाची जीभ जड असेल किंवा हात थरथरत असेल तर वेळेवर बांधलेली कुठलीही चाचणी हालचालीमुळेच बिघडते. पेन्सिलने ठिपके जोडण्याऐवजी तोंडी रूप घ्या: १-अ, २-ब, ३-क. त्याआधी एक ते पंचवीस नुसते म्हणायला लागणारा वेळ मोजा आणि वजा करा. ही वजाबाकी बहुतेक ठिकाणी केलीच जात नाही आणि मग जिभेचा दोष विचाराच्या खात्यात पडतो.

---

ऑलिव्हकाठ (मूलभूत मेंदूविज्ञान)

वरचं सगळं मान्य करून थोडा ब्रेक लावतो. ‘लहान मेंदू विचार करतो’ असं सरसकट म्हणण्याची सध्या फॅशन आहे.

लहान मेंदूचे आकडे भुलवणारे आहेत हे खरं. वजन जेमतेम १५० ग्रॅम, मेंदूच्या दहाव्या हिश्श्याएवढं, पण मेंदूतल्या साधारण ८६ अब्ज चेतापेशींपैकी सुमारे ६९ अब्ज इथे. कॉर्टेक्सच्या घड्या पूर्ण उलगडल्या तर क्षेत्रफळ मोठ्या मेंदूच्या कॉर्टेक्सच्या पाऊणपटीहून थोडं जास्त भरतं. पण या पेशींतल्या बहुतांश ग्रॅन्यूल पेशी आहेत, अगदी चिमुकल्या, आणि सगळ्या लहान मेंदूत जडणघडण जवळपास एकसारखी. एका पर्किंजे पेशीला लाखाहून जास्त पॅरलल तंतू भेटतात, आणि इन्फिरियर ऑलिव्हकडून (ब्रेनस्टेममधला पेशींचा पुंजका) येणारा क्लाइम्बिंग तंतू फक्त एक. पहिल्या गटाकडून ‘आत्ता काय चाललंय’ याची माहिती, दुसऱ्याकडून ‘अंदाज चुकला’ असा इशारा. १९६९ मध्ये डेव्हिड मार आणि १९७१ मध्ये जेम्स अल्बस यांनी मांडलेलं शिकण्याचं गणित याच रचनेवर उभं आहे.

म्हणून श्माहमन म्हणतात की यंत्रणा सगळीकडे एकच, फक्त आत येणारा माल वेगळा. हात पुढे नेताना ती अंतराचा अंदाज सुधारते, वाक्य बोलताना पुढच्या शब्दाचा, संभाषणात समोरच्याच्या प्रतिक्रियेचा. ती बिघडली की बोट नाकाच्या पुढे जातं किंवा अलीकडे थांबतं. तसंच विचार आणि भावनाही मर्यादा ओलांडतात किंवा पोचतच नाहीत. याला ते विचारांचा डिसमेट्रिया म्हणतात. कल्पना सुंदर आहे आणि रुग्णांचं वर्णन करायला उपयोगी आहे. पण भाषेच्या किंवा भावनेच्या कामात ‘अंदाज’ आणि ‘चूक’ म्हणजे पेशीच्या पातळीवर नेमकं काय, हे पापणी मिटण्याच्या कंडिशनिंगमध्ये जितकं स्वच्छ दाखवता आलं आहे तितकं इथे दाखवता आलेलं नाही.

दुसरं, एफएमआरआयमध्ये क्रस १ उजळला म्हणजे तो त्या कामाला आवश्यक आहे असं होत नाही. लहान मेंदूतला हा संकेत मुख्यतः आत येणाऱ्या तंतूंच्या हालचालीचा असतो. मोठा मेंदू जोरात काम करत असेल तर त्याची प्रत इकडे येणारच. शिवाय मनातल्या मनात शब्द म्हणणं आणि डोळे हलवणं या दोन्ही कामांतही लहान मेंदू असतो, त्यामुळे उजळण्याचं कारण तेही असू शकतं.

तिसरं, डायस्किसिस. लहान मेंदूत जखम झाली की उलट बाजूच्या फ्रंटल भागाचा रक्तपुरवठा आणि चयापचय कमी होतो, तिथे जखम नसतानाही. मग नियोजन बिघडलं ते लहान मेंदूचं काम थांबल्यामुळे की फ्रंटल भाग मंदावल्यामुळे? रुग्णाला फरक पडत नाही, सिद्धांताला पडतो.

आणि जन्मतः लहान मेंदूच नसलेली माणसं आहेत. चीनमधल्या २४ वर्षांच्या एका स्त्रीचं वर्णन प्रसिद्ध आहे: चक्कर-मळमळ म्हणून आली, स्कॅनमध्ये लहान मेंदूच्या जागी फक्त पाणी. ती उशिरा, सातव्या वर्षी चालायला लागली, बोलणंही उशिरा आलं, पण संसार करत होती. वाढत्या मेंदूने बराच भार दुसरीकडे हलवला असणार. साठाव्या वर्षी इन्फार्क्ट झालेल्या माणसाला तेवढी मुभा नसते, त्यामुळे या उदाहरणावरून तुमच्या रुग्णांची लक्षणं खोटी ठरत नाहीत. ‘आवश्यक’ आणि ‘कामाला हातभार लावणारा’ यात फरक आहे, एवढंच.

२०१८ च्या चाचणीबद्दलही सावध राहा. पुढे जर्मन आवृत्ती तपासली गेली तेव्हा बऱ्याच निरोगी लोकांना एखाद-दुसऱ्या भागात नापास होताना पाहिलं गेलं, आणि वय व शिक्षणाचा गुणांवर परिणाम दिसला. एका भागातल्या नापासावरून कुणाच्या माथी सिंड्रोम मारू नका.

---

पाऊलवाट

एमआरआय आणि चाचणीचं कळलं. भावनांबद्दल जरा सविस्तर लिहाल का? डिप्रेशन आणि हे, दोन्हींत फरक कसा करायचा? काही रुग्ण बोलता बोलता एकदम रडू लागतात आणि विचारलं तर ‘मला वाईट वाटत नाहीये’ म्हणतात.

---

तिसरा मजला

शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं आहे. रडू येतं पण दुःख नाही, किंवा हसू फुटतं पण गंमत वाटत नाही, क्षुल्लक निमित्ताने सुरू होतं, अर्धा-एक मिनिट थांबवता येत नाही आणि बटण बंद केल्यासारखं संपतं: हे पॅथॉलॉजिकल लाफिंग अँड क्राइंग. मोठ्या मेंदूकडून पॉन्समार्गे लहान मेंदूकडे जाणारी वाट तुटली की हे दिसू शकतं. डिप्रेशनमध्ये रडणं मनःस्थितीशी जुळतं आणि दिवसभर मन खाली असतं, झोप-भूक बिघडते, काही करावंसं वाटत नाही. पहिल्या प्रकाराला कमी मात्रेतली एसएसआरआय गटाची औषधं बऱ्याचदा चांगली लागू पडतात, ती डिप्रेशन नसतानाही. अर्थात ते ठरवायचं डॉक्टरने.

भावनिक बोथटपणा आणि डिप्रेशन यांत फरक करायचा तर घरच्यांना एवढंच विचारा: ‘स्वतःहून काही करत नाहीत, पण तुम्ही उठवून नेलं तर आनंदाने येतात का?’ येत असतील तर सुरुवात करण्याची यंत्रणा ढिली पडली आहे. नेल्यावरही कशात रस नसेल, स्वतःला दोष देत असतील, तर डिप्रेशनचा विचार आधी. दोन्ही एकत्रही असतात आणि स्ट्रोकनंतर डिप्रेशन मुळातच खूप आढळतं. ‘लहान मेंदूचा परिणाम आहे’ म्हणून त्यावरचा उपचार टाळणं हीसुद्धा तेवढीच मोठी चूक.

पण त्याआधी औषधांची पिशवी टेबलावर उपडी करायला सांगा. निम्मं उत्तर तिथे सापडतं. चक्करेसाठी पहिल्या आठवड्यात दिलेली सिनारिझिन किंवा प्रोक्लोरपेराझिन चार-सहा महिने चालूच असते, कारण ‘बंद करा’ असं कुणी लिहिलेलंच नसतं. या गोळ्यांनी सुस्ती येते, चेहरा कोरा पडतो, पार्किन्सनसारखी लक्षणं दिसतात, सिनारिझिनने डिप्रेशनही येतं. वर मेंदू चक्करेशी जुळवून घेतो ती प्रक्रियाही लांबते. फिट्सवरचं फेनिटॉइन चालू असेल तर रक्तातली पातळी बघा: १० ते २० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलीटर ही उपचाराची पट्टी, २० च्या वर बुबुळं थरथरणं, ३० च्या आसपास झोकांड्या, ४० च्या वर गुंगी. वर्षानुवर्षं जास्त मात्रा राहिली तर लहान मेंदू कायमचा आक्रसतो. जुलाबासाठी किंवा यकृताच्या गळवासाठी लांबलेला मेट्रोनिडाझोलचा कोर्स दोन्ही डेंटेटवर परिणाम करतो. एमआरआयवर दोन्ही बाजूंना सारखी पांढरी झलक दिसते आणि औषध थांबवल्यावर ती सहसा जाते. दारू, थायरॉइड आणि लिथियम हे विचारायचेच.

विदर्भातल्या डॉक्टरांनी उष्माघाताची नोंद ठेवावी. पर्किंजे पेशींना उष्णता फार लवकर बाधते. एप्रिल-मेमध्ये उष्माघाताने बेशुद्ध होऊन वाचलेला माणूस शुद्धीवर येतो तेव्हा स्कॅन ठीक दिसतो, आणि काही आठवड्या-महिन्यांनी बोलणं तुटक, चालणं पाय फाकवून व लहान मेंदू आक्रसलेला. तिथेही फक्त चालणं बघून थांबू नये.

आणि एक धोक्याची गोष्ट. स्ट्रोकनंतर पहिल्या आठवड्यात, विशेषतः दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, रुग्ण एकदम शांत, झोपाळू, निर्विकार झाला तर ते भावनिक लक्षण समजू नका. मोठ्या इन्फार्क्टची सूज चौथ्या व्हेंट्रिकलला (मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीला) दाबते, पाणी तुंबतं आणि काही तासांत जीव जाऊ शकतो. तेव्हा चाचण्या नाहीत, ताबडतोब स्कॅन आणि न्यूरोसर्जन.

---

बोलका पडदा (स्पीच थेरपी, लहान मुलं)

मुलांचा मुद्दा राहून गेला आणि तिथे हे सगळ्यात उघड दिसतं. मेड्युलोब्लास्टोमाच्या (लहान मेंदूतल्या कर्करोगाच्या गाठीच्या) ऑपरेशननंतर मूल शुद्धीवर येतं, पहिला दिवसभर दोन-चार शब्द बोलतंही, आणि एक-दोन दिवसांत पूर्ण गप्प. साधारण चारातल्या एका मुलात हे होतं. सोबत चिडचिड, न थांबणारं केविलवाणं रडणं, अंग ढिलं, गिळायला त्रास. आईवडिलांना वाटतं भूल जास्त झाली किंवा मूल रुसलंय. कारण बहुधा डेंटेटमधून वरच्या पेडंकलमार्गे (तंतूंचा जाड जोडपट्टा) थॅलॅमसकडे जाणारी वाट दोन्ही बाजूंना दुखावणं हे असतं. गाठ मध्यभागी, वर्मिसमध्ये असली आणि ब्रेनस्टेमला लागून असली तर धोका जास्त. म्हणून ऑपरेशनच्या आधीच घरच्यांना कल्पना द्यावी. आधी सांगितलेलं असलं की नंतरचा अर्धा गोंधळ टळतो.

बोलणं आठवड्यांनी किंवा महिन्यांनी परत येतं, बहुतेक वेळा जड जिभेने. इथेच फाइल बंद होते आणि ते चुकीचं. शाळेत परतल्यावर गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगता न येणं, गटात खेळताना समोरच्याचा रोख न कळणं, फळ्यावरून उतरवायला दुप्पट वेळ, हे मागे राहतं. रेडिएशन झालं असेल तर त्याचा स्वतंत्र परिणाम वर्षागणिक वाढतो, त्यामुळे दरवर्षी एकदा भाषा आणि लक्ष यांची औपचारिक तपासणी हवी. शाळेला पत्र देताना ‘अभ्यासात मागे’ असं मोघम लिहू नका. ‘तोंडी उत्तरासाठी जादा वेळ, एका वेळी एकच सूचना, फळ्याऐवजी छापील कागद’ असं नेमकं लिहा.

---

चिमटा (ऑक्युपेशनल थेरपी)

उपचारात काय करायचं ते कुणीच लिहिलं नाही, म्हणून लिहिते.

मुख्य धोरण एकच. जे आपोआप व्हायचं ते आता मुद्दाम, उघडपणे करायला शिकवायचं. लहान मेंदूच्या रुग्णाला काय करायचं ते माहीत असतं, सांगताही येतं. करताना क्रम आणि वेळ निसटते. म्हणून कोडी आणि मोबाइलवरचे ‘ब्रेन गेम’ यांचा रोजच्या कामात फारसा उपयोग होत नाही. घरातलं एक खरं काम निवडा. उदाहरणार्थ चहा. पाणी, साखर, चहापूड, दूध, गाळणं, बंद करणं. प्रत्येक टप्पा रुग्णाने करण्याआधी मोठ्याने बोलायचा आणि झाल्यावर कार्डावर खूण करायची. मधे ‘थांबा, मी आत्ता काय करतोय?’ असा ठरलेला विराम, सुरुवातीला मोबाइलच्या बेलवर, दर दोन मिनिटांनी. चार-पाच वेळा बिनचूक झालं की एक विराम काढायचा. याला गोल मॅनेजमेंट ट्रेनिंग म्हणतात आणि लहान मेंदूच्या जखमेत ते वापरल्याचं वर्णन २००८ मध्ये प्रसिद्ध झालं आहे. पुरावा थोडा आहे, पण धोका काही नाही आणि खर्चही नाही.

बिघडतं कुठे? थेरपिस्ट कार्ड बनवून देतो, रुग्ण ते वाचत नाही, घरचे ओरडतात. कार्ड रुग्णाच्या हाताने आणि त्याच्याच शब्दांत लिहिलेलं हवं, आणि चिकटवायचं ओट्यापाशी. खिशात ठेवलं तर ते खिशातच राहतं. दुसरं, एकदम दोन कामं द्यायची घाई. आधी शांत खोलीत, मग रेडिओ लावून, मग कुणी प्रश्न विचारत असताना.

सैल सुटलेल्या बोलण्यासाठी घरच्यांनी चारचौघांत टोकू नये. आधी ठरवलेली एक खूण, जसं की टेबलावर दोनदा बोट, पुरते. आणि थकवा! सकाळी दहाला जमलेलं काम संध्याकाळी सहाला जमत नाही. हिशोब, बँक, फोन ही कामं सकाळीच.

---

पाऊलवाट

फिजिओथेरपीच्या तासातच दोन कामांची क्षमता आकड्यात मोजायची असेल तर? बरेच जण ‘स्कूटर कधी चालवू?’ विचारतात आणि फक्त चालणं बघून हो म्हणायची आता भीती वाटते.

---

बाकावरचा

१० मीटर सरळ चालायला लावा आणि वेळ घ्या. मग बसवून १०० मधून सात-सात वजा करायला लावा, तेवढाच वेळ, बरोबर उत्तरं मोजा. मग दोन्ही एकत्र. एकत्र चालण्याच्या वेळेतून नुसत्या चालण्याची वेळ वजा करा, नुसत्या चालण्याच्या वेळेने भागा, शंभरने गुणा. हा टक्का दर भेटीला लिहा, आणि वजाबाकीच्या उत्तरांचाही असाच. दुसरा आकडा सोडून देऊ नका: काही रुग्ण चाल अजिबात मंदावू देत नाहीत आणि उत्तरं गिळून टाकतात, म्हणजे नुसता पहिला टक्का बघितला तर सगळं छान दिसतं. कमी शिकलेल्यांना सातांऐवजी तीन-तीन वजा, किंवा आठवड्याचे वार उलटे.

स्कूटरचा निर्णय यावरून एकट्याने घेऊ नका, पण आलटून-पालटून शब्दांत अजून नापास आणि एकत्र चालताना उत्तरं निम्म्यावर येत असतील तर न्यूरॉलॉजिस्टला तसं लेखी कळवा आणि तोवर नाही म्हणा. चाचणी परत घ्यायची ती दोन-तीन महिन्यांनी, आणि शब्दसूची व अक्षर बदलून. त्या २०१८ च्या चाचणीच्या चार समांतर आवृत्त्या याच कारणासाठी आहेत. तोच ‘क’ परत दिला तर सरावाने गुण वाढतात आणि सुधारणा झाली असं वाटतं.